डबा गार होईपर्यंत

दारू सोडली की माणूस ताजातवाना होतो, असं ज्यानं कुणी पहिल्यांदा सांगितलं असेल त्याला कवळीवाला शोधत होता. सापडला असता तर दोन शब्द सुनावायचे होते. चाळीस दिवस झाले होते आणि चाळीसही दिवस तो दमलेलाच होता. झोपून उठला तरी दमलेला, चहा प्यायला तरी दमलेला, कुणी ‘काय, कसं काय?’ विचारलं तर उत्तर द्यायचंही जिवावर यायचं. शिवाय दिवस केवढा लांबलचक असतो ते त्याला आता नव्यानं कळत होतं. पूर्वी दुपारचे तीन वाजले की एकदम झोपायची वेळच व्हायची. मधले तास कुठं जायचे ते बाटलीलाच ठाऊक. आता तीननंतर सव्वातीन वाजत होते.

त्याचा धंदा कवळ्या बनवायचा. दोन खोल्यांचं वर्कशॉप. पुढच्या खोलीत टेबल, दिवा आणि पॉलिशची मोटर. मागच्या खोलीत शेगडी, मोरी आणि प्लास्टरची पोती. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, हा दात पाठवायचा. बाहेरच्याला वाटतं, कारागिराचे हात सारखे चालत असतील. छे हो! या कामात हात चालतात घटकाभर आणि थांबावं लागतं दिवसभर. प्लास्टर ओतलं की ते घट्ट व्हायची वाट बघा. मेणात दात बसवून ते पितळी डब्यात प्लास्टरखाली पुरलं की पुन्हा वाट बघा. मग मेण गरम पाण्यानं काढून टाकायचं, त्या पोकळीत हिरड्यांच्या रंगाचा गुलाबी मसाला भरायचा, डबा आवळून पाण्यात शिजवायचा. शिजलेला डबा बाहेर काढला की तो आतपर्यंत गार होईस्तोवर उघडायचा नाही, नाहीतर कवळी वाकते. हे शेवटचं थांबणं सगळ्यात लांब.

“कामाच्या वेळी मी कधी थेंबाला शिवलो नाही,” असं तो बायकोला छातीठोकपणे सांगायचा, आणि ते खरंही होतं. तो मधल्या वेळात प्यायचा. पण या धंद्यात मधल्या वेळाशिवाय असतं काय? बाटली प्लास्टरच्या पोत्यामागं असायची. ती जागा आता रिकामी होती, आणि तिथं दुसरं काही ठेवायचा त्याला अजून धीर होत नव्हता.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत संध्याकाळी सहाला दारू सोडलेल्यांची बैठक भरायची. बैठक म्हटल्यावर पहिल्या दिवशी त्याला हसूच आलं होतं, कारण त्याला आजवर एकच बैठक माहीत होती. तिथं ड्रायव्हरकाका भेटले. सत्तरीचे, एकोणीस वर्षं कोरडे, जन्म बस चालवण्यात गेलेला. त्यांनी याला ध्यानाला बसायला सांगितलं. सकाळी वीस मिनिटं, दुपारी वीस मिनिटं.

“पाठ सरळ, पाय जमिनीला. एक शब्द धरायचा. मन उंडारायला गेलं की त्या शब्दावर परत यायचं. आणि येताना स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत.”

“कुठला शब्द?”

“तुझा तू शोध. माझा ‘आलो’ आहे.”

“हा काय शब्द झाला?”

“आई हाक मारायची तेव्हा मी हेच म्हणायचो. जायचो मात्र नाही,” काका म्हणाले. “आता जातो.”

“आणि मागायचं काय? प्रार्थनेत?”

“काही नाही. मागण्यात हयात गेली आपली. नुसती हजेरी लावायची.”

“कुणापुढं?”

“त्याची चौकशी तू कशाला करतोस? आधी तू तर हजर हो.”

कवळीवाल्यानं मनात म्हटलं, हे म्हातारं आपल्याला बनवतंय. तरी तो बसला. पहिल्या दिवशी नाकाला खाज सुटली, मग गुडघ्याला, मग कधीकाळी शेजाऱ्याला दिलेली शिडी आठवली. वीस मिनिटं झाली असतील म्हणून डोळा किलकिला करून पाहिलं तर चार झाली होती. दुसऱ्या दिवशी ध्यान फारच छान लागलं आणि स्वतःच्या घोरण्यानं मोडलं. शब्द तर एकही टिकेना. ‘शांती’ म्हणावं तर ते नाव होतं कोपऱ्यावरच्या दवाखान्याचं. ‘क्षमा’ म्हणावं तर बायकोचा चेहरा दिसायचा, आणि मग उठून पाणी प्यावं लागायचं.

बायको आठ महिन्यांपासून तिच्या आईकडं राहत होती. दारू सुटल्यापासून रविवारी तासभर चहाला यायची त्याला परवानगी होती. तासभर म्हणजे तासभर. ती घड्याळाकडं बघायची नाही, पण साठाव्या मिनिटाला कपबश्या उचलायची.

अशाच एका रविवारी तो जरा लवकर पोचला, तर सासूबाई दुधात पाव कुस्करून चमच्यानं खात होत्या. तोंडाचं बोळकं.

“दात कुठं आहेत?” त्यानं विचारलं.

“कपाटात,” सासूबाई म्हणाल्या. “पाहुणे आले की घालते. तुम्ही आता पाहुणेच, पण लवकर आलात.”

सासूबाईंची जीभ अशी. दात गेले तरी तिची धार गेली नव्हती. त्यांची कवळी त्यानंच केली होती, चार वर्षांपूर्वी. त्यानं ती मागून घेतली, धुतली, त्यांना घालायला लावली, आणि दोन बोटांनी वरच्या दातांवर एका बाजूनं दाब दिला. दुसरी बाजू उचलली गेली. बोट काढलं, पुन्हा बसली. टक. दुसरीकडून दाबलं. टक. कवळीखालच्या हिरडीला एका जागी सोलून घट्टा पडला होता.

मसाला वाकला होता. आणि तो का वाकला होता हे जगात त्याला एकट्याला माहीत होतं. त्या दुपारी बाटली संपली होती, दुकान बंद व्हायच्या आत गाठायचं होतं, आणि डबा काही केल्या गार होत नव्हता. त्यानं तो उचलला आणि धो धो नळाखाली धरला. वरून पितळ गार झालं, लगेच उघडला, आतून कवळी कशी सुंदर, गुलाबी, चकचकीत निघाली होती! सासूबाई तेव्हा म्हणाल्याही होत्या, टोचतंय म्हणून. त्यानं ठोकून दिलं होतं, “हिरड्यांना सवय होऊ द्या.”

“चार वर्षं तुम्ही काही चावलं नाहीत?” त्यानं विचारलं.

“चावायला काय, तुम्हाला चावले असते,” सासूबाई म्हणाल्या. “पण दात नव्हते.”

बायको ओट्याजवळ उभी होती. ती वळली नाही. “आई दर वेळी सांगायची दुखतंय म्हणून,” ती म्हणाली. “मी तिच्यावरच ओरडायचे. म्हणायचे, त्यांनी एवढ्या मेहनतीनं करून दिली, तुझेच नखरे. तुमची बाजू घेऊन मी माझ्या आईचं तोंड बंद केलं. चार वर्षं.”

कवळीवाल्याला लाज वाटली, इतकी वाटली की खुर्चीतून उठवेना. शेवटी तो म्हणाला, “नवी करून देतो.”

“शुद्धीत करणार का आता?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, नको,” बायको म्हणाली. “डॉक्टरांकडं जाऊ.”

“माझ्या तोंडात परक्याचा हात मला चालत नाही. करू दे त्यांना.”

बायको त्याला दारापर्यंत सोडायला आली. हे आठ महिन्यांत पहिल्यांदाच, म्हणून तो जरा सुखावला, तोच ती हळू आवाजात म्हणाली, “आईच्या तोंडात पुन्हा काही टोचलं ना, तर मला तुमचं काहीही ऐकायचं नाही. चहासुद्धा बंद.”

त्यानं माप घेतलं. त्या मापावरून प्लास्टरचे दोन ठोकळे ओतले, एक कामाचा आणि एक तपासायचा. मेणातले दात सासूबाईंना घालून दाखवले. त्यांनी आरशात बघितलं आणि म्हणाल्या, पूर्वीपेक्षा कमी भांडखोर दिसते. सगळं नीट चाललं होतं. हात कापत नव्हते. डबा भरला, आवळला, शिजवला, आणि बुधवारी दुपारी अडीचला बाहेर काढून टेबलावर ठेवला.

आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

करायला काही उरलं नव्हतं. खोलीत गरम प्लास्टरचा वास होता, आणि त्या वासामागून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, दुसरा वास आपोआप यायचा. तोंड कोरडं पडलं. तो खुर्चीवर बसला, डोळे मिटले, शब्द धरला. शब्द सुटला. पोत्यामागं जाऊन रिकामी जागा बघून आला, कशाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. परत बसला. सहा मिनिटं झाली. हे असंच चाललं तर आपण उठून दुकानाकडं चालायला लागू, अशी त्याची खात्रीच पटली. त्यापेक्षा हे काम आटपावं, सरळ वाचनालयाच्या पायरीवर जाऊन बसावं. विचार काही वाईट नव्हता. त्या विचारातच त्यानं डबा उचलला आणि नळाखाली धरला.

कवळी सुरेख निघाली. तपासायच्या ठोकळ्यावर बसवली, एका बाजूनं दाबली. टक.

खरं सांगायचं तर त्याच्या मनात आलं, आतून थोडी घासली तर महिना-दोन महिने कुणाला कळणार नाही. सवय होईल म्हणावं. ते वाक्य तर तयारच होतं, चार वर्षांपूर्वीचं, धूळसुद्धा बसली नव्हती. आणि ते वाक्य स्वतःच्याच तोंडी आलेलं ऐकून त्याला जी भीती वाटली ती दारूचीही वाटली नव्हती. त्यानं कवळी पुडीत बांधली आणि वाचनालय गाठलं.

ड्रायव्हरकाकांनी कवळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. “पिऊन केलीस?”

“नाही.”

“मग?”

“थांबता आलं नाही.”

काकांनी कवळी पुडीवर ठेवली. “दारू सोडून सत्तेचाळीस दिवस झाले तुला. घाई सोडून किती झाले?”

कवळीवाला पुडी पुन्हा बांधायला लागला.

“आणि मला एक सांग, तुझ्या कामातच एवढं थांबायला लागतं, तर तू ध्यानाला वेगळी वीस मिनिटं कशाला काढतोस? डबा समोर ठेव आणि बस. मध्ये हात लावून बघ. गार नाही झाला, परत बस.”

“आणि प्रार्थना?”

“तीच की. अजून वेगळी काय असते?”

“काका, मला शब्दसुद्धा सापडलेला नाही. मी नुसता बसलेलो असतो.”

“मग तेच म्हण. बसलोय म्हण. निदान खोटं तर नाही.”

रविवारी तो सासूबाईंकडं गेला तो हात हलवतच. कामाचा ठोकळा डबा उघडतानाच फुटतो. दुसऱ्या ठोकळ्यावर गुपचूप नवी करता आली असती, पण मग तपासायला काही उरलं नसतं, आणि न तपासलेली कवळी त्या तोंडात घालायची त्याची छाती नव्हती. “बिघडली,” त्यानं सांगितलं. “गरम डबा मी नळाखाली धरला. माप पुन्हा घ्यावं लागेल.”

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “माझ्या तोंडात काय नळ बसवताय का? घ्या, घ्या माप.” आणि त्यांनी आ केला.

“प्यायला होतात?” बायकोनं विचारलं.

“नाही.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. विश्वास ठेवायचा तिला कंटाळा आला होता, आणि न ठेवायचाही. “बरं,” ती म्हणाली, आणि साठावं मिनिट व्हायच्या आधीच कपबश्या उचलल्या.

त्यानं पुन्हा पहिल्यापासून केलं. दोन ठोकळे, मेण, दात, मेणाचे दात घालून बघणं, प्लास्टर, मसाला. पहिली बिघडल्यापासून नवव्या दिवशी दुपारी साडेबाराला त्यानं शिजलेला डबा मागच्या खोलीतच, मोरीच्या कट्ट्यावर ठेवला, शेजारी स्टीलच्या पेल्यात पाणी ठेवलं, खुर्ची ओढली आणि डब्यासमोर बसला.

बसलोय, तो मनात म्हणाला.

सगळं व्हायचं तेच झालं. खाज सुटली. तोंड कोरडं पडलं. पोत्यामागच्या जागेनं हाक मारली. बसलोय. बायको म्हणाली होती चहासुद्धा बंद. बसलोय. दुकान आता उघडं असेल. असेल, बसलोय. मध्येच त्याला रडू आलं, कशाचं ते कळलं नाही, आणि थोड्या वेळानं थांबलं, तेही का ते कळलं नाही. त्यानं हात लावून बघितला. डबा कढत होता. परत बसला. कुणी समोर आहे असं काही त्याला वाटलं नाही, उजेड पडला नाही, घंटा वाजल्या नाहीत. फक्त एकदा असं झालं, की तो दमलेला होता आणि दमलेलं असण्याची त्याला तक्रार नव्हती. तेवढ्यात रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला आणि तेही गेलं.

तीनच्या सुमारास पुढचं दार वाजलं. चपलांचा आवाज त्यानं ओळखला. आठ महिन्यांत तो आवाज इथं आला नव्हता, तरी ओळखला. आवाज मागच्या खोलीच्या दारापर्यंत आला आणि थांबला.

तिनं काय पाहिलं असेल ते सांगायला नको. भरदुपारी खुर्चीत बसलेला नवरा, डोळे मिटलेले, हनुवटी छातीवर, शेजारी पेला. हे चित्र तिला तोंडपाठ होतं. चपला दोन पावलं पुढं आल्या. पेला उचलल्याचा आवाज झाला, आणि मग तिनं वास घेतल्याचा. छोटासा, सवयीचा.

कवळीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी आहे ते, पाणी! छप्पन्न दिवस! एक दिवस कुणी म्हणालं असेल शाब्बास तर शपथ! हे सगळं जिभेच्या टोकावर आलं. डोळे उघडले असते तर ते बाहेरच पडलं असतं, म्हणून त्यानं डोळे उघडले नाहीत. बसलोय, तो म्हणाला. बसलोय. तिनं वास घेतला, तर तिला ते शिकवलं कुणी? बसलोय.

“झोपलात?” तिनं विचारलं.

“नाही.” त्यानं डोळे उघडले. “बसलोय. डबा गार व्हायचा आहे.”

तिनं पेला खाली ठेवला आणि डब्याला हात लावला. “गारच तर आहे.”

“वरून. आत अजून गरम असतो.”

“किती वेळ?”

“तासभर तरी.”

“मग तोपर्यंत काय करायचं?”

“काही नाही,” तो म्हणाला.

ती जायला वळेल असं त्याला वाटलं. तिनं स्टूल ओढलं आणि भिंतीशी बसली, पोत्याला टेकून. मग ती म्हणाली, “आईला मीच गप्प बसवलं हो.” त्याच्याकडं उत्तर होतं, तुझी काय चूक, माझी चूक, वगैरे. ते त्यानं गिळलं, कारण तिनं उत्तर मागितलंच नव्हतं. त्यानं फक्त ऐकलं. मग तिनं डोळे मिटले. तो जे करत होता तेच करून बघत असावी, किंवा नुसतीच दमली असावी.

पाच-सात मिनिटांत ती झोपली. मान पोत्यावर कलंडली, केसांना प्लास्टर लागलं, तोंड थोडं उघडं राहिलं. या बाईनं किती वर्षं दाराच्या आवाजाकडं कान लावून झोप काढली होती, ते त्याला तिच्या त्या झोपेकडं बघून कळलं. आधी कधी कळलं नव्हतं, कारण आधी कधी तो तिच्यासमोर असा बसलाच नव्हता.

चार वाजता त्यानं डब्याला हात लावला. गार. तळहात उलटा करून लावला. गार, आतपर्यंत. आता उघडायला हरकत नव्हती. पण डबा उघडायचा म्हणजे हातोडीनं ठोकावा लागतो, आणि पितळेचा आवाज असा होतो की पलीकडच्या घरातलं मूल उठावं. त्यानं हातोडी उचलली, तिच्याकडं बघितलं, आणि हातोडी अलगद खाली ठेवली.

तो परत बसला. आता कसली वाट बघायची होती? कसलीच नाही. सव्वाचार झाले, साडेचार झाले. त्यानं एकदाही घड्याळाला शिव्या घातल्या नाहीत.

पाचला ती दचकून उठली. “किती वाजले? उघडलात?”

“नाही.”

“का? अजून गरम आहे?”

“गार झालाय कधीचा. ठोकावं लागतं. तू झोपली होतीस.”

ती त्याच्याकडं बघत राहिली, केसांना प्लास्टर लागलेली, डोळे चोळत.

त्यानं डबा ठोकला. प्लास्टर फोडलं, कवळी काढली, कडा घासून साफ केल्या, पुढच्या खोलीत मोटरवर पॉलिश केली, धुतली. तपासायचा ठोकळा तिच्यापुढं ठेवला आणि कवळी त्यावर बसवली. “तू बघ,” तो म्हणाला. “एका बाजूनं दाब.”

तिनं दाबलं. दुसरीकडून दाबलं. पुन्हा पहिल्या बाजूनं, जरा जोरात, जणू तिला तो आवाज हवाच होता. मग आणखी एकदा. कवळी जागची हलली नाही. खोलीत मोटर बंद पडतानाची घरघर तेवढी होती.

तिनं बोट काढून घेतलं. घसा कोरडा पडला असावा, तिनं इकडंतिकडं बघितलं, मागच्या खोलीतून त्याचा पेला उचलून आणला, वास न घेता तोंडाला लावला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

“चला,” ती म्हणाली. “आईला भूक लागली असेल.”